खिंड बंद होण्यापूर्वी

मराठी वाचकाला घाटरस्ता नवा नाही. तुमच्यापैकी काहीजण अभ्यासकेंद्रावर किंवा परीक्षेला जाताना वरंधा, कुंभार्ली, आंबेनळी यांपैकी एखादा घाट नेहमी ओलांडत असाल. आपल्या घाटाची भीती जूनमध्ये येते आणि गाजावाजा करत येते. दरड कोसळते, ओढा रस्त्यावर चढतो, धुके इतके दाट होते की समोरच्या एसटीचे दिवे आधी ऐकू येतात आणि मग दिसतात, असे वाटावे. मी स्वतः वीस वर्षे या घाटांतून गाडी चालवली आहे. त्यामुळे नोव्हेंबर महिना मला नेहमी निर्धास्तपणाचा वाटत आला. पाऊस सरलेला, गवत पिवळे पडू लागलेले, रस्ता कोरडा. हिमालयात मात्र याच महिन्यात रस्त्याचा स्वभाव पालटतो आणि तो पालटताना कसलाही आवाज होत नाही.

भर हिवाळ्यात तिकडचा रस्ता बंदच असतो, म्हणून त्याचा प्रश्न उरत नाही. उन्हाळ्यात तो खुला असतो. अवघड असतात ते मधले तीन-चार आठवडे. रस्ता खुला आहे असे सांगितले जाते, पण त्यावर विसंबता येत नाही. अशाच एका आठवड्यात, काही वर्षांपूर्वी, मी कारगिलहून श्रीनगरला झोजिला ओलांडून आलो. त्या एका दिवसाविषयी तुम्हांला सांगायचे आहे.

आधी नावाविषयी थोडे. तिबेटी आणि लडाखी भाषांत ‘ला’ म्हणजे खिंड. म्हणजे ‘झोजिला खिंड’ असे आपण म्हणतो तेव्हा खिंड दोनदा म्हणतो. भाषेत असे होतच असते आणि त्यात बिघडत काही नाही, पण तुम्ही भाषेचे विद्यार्थी आहात, म्हणून लक्षात आणून दिले. ही खिंड समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. हिमालयाच्या मानाने ही उंची फार नाही. श्रीनगर-लेह याच रस्त्यावर पुढे फोतूला लागते, ती ४,१०८ मीटरांवर आहे. तरीही फोतूलाचे नाव काढताना तिकडचे चालक आवाज खाली आणत नाहीत आणि झोजिलाचे नाव काढताना आणतात.

याचे कारण उंचीत नसून ओलाव्यात आहे. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे विक्षोभ आपली आर्द्रता काश्मीरच्या बाजूला टाकतात. फोतूलापर्यंत पोहोचेतो ढगांत फारसे काही उरलेले नसते. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि पलीकडे वाईपासून पूर्वेला गेले की तो उणावत जातो, हे तुम्ही पाहिले असेल. झोजिला ही तशीच सीमा आहे, फक्त इथे पावसाच्या जागी हिम पडते. खिंडीच्या एका अंगाला वृक्षांनी भरलेले उतार आणि दुसऱ्या अंगाला एकही झाड नसलेले, मातकट, उघडे डोंगर. पाणीही इथेच दुभंगते. पूर्वेची द्रास नदी कारगिलजवळ सुरूला मिळते आणि तिच्यासह सिंधूत जाते. पश्चिमेचा प्रवाह सोनमर्गवरून खाली झेलमला मिळतो. त्याचे नाव सिंध, पण तो सिंधू नव्हे. गंमत अशी की झेलम चिनाबमध्ये आणि चिनाबचे पाणी अखेर सिंधूतच जाते. एकाच खिंडीवर पडलेले हिम दोन वाटांनी शेकडो कोस फिरून पुन्हा एका पात्रात येते.

कारगिलहून आम्ही पहाटे साडेचारला निघालो. गाडी जुनी, डिझेलवर चालणारी, जीपच्या जातीची. चालक द्रासजवळच्या एका गावचे, पन्नाशीचे. त्यांना सगळे ‘उस्ताद’ म्हणत, मीही म्हणू लागलो. ते मला ‘साहेब’ म्हणत आणि ते थांबवण्याचा माझा प्रयत्न दोनदा फसला. रात्री त्यांनी गाडी उभी करताना हातब्रेक ओढला नव्हता. ती गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावला होता. हातब्रेक ओढून ठेवला तर ओलसर भाग रात्रीत गोठतो आणि सकाळी चाके जागची हलत नाहीत, हे त्यांनी दगड काढता काढता सांगितले.

डिझेलची कथा याहून लांब आहे. डिझेलमध्ये मेणासारखा एक अंश असतो. तापमान फार उतरले की तो विरघळलेला राहत नाही. आधी डिझेल गढूळ दिसू लागते, मग ते मेण गाळणीत साचते आणि यंत्राला इंधन मिळेनासे होते. टाकी भरलेली असते आणि गाडी उपाशी असते. यावर चालकांचे जुने उपाय म्हणजे डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे, किंवा सकाळी टाकीखाली शेगडी ठेवणे. हा दुसरा उपाय पाहताना आपल्यासारख्याच्या पोटात गोळा येतो. २०१९च्या नोव्हेंबरपासून लडाखात खास हिवाळी डिझेल मिळू लागले आहे, ते उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते. उस्तादांनी तेच भरले होते. तरीही त्यांनी गाडी सुरू केल्यावर दहा मिनिटे तिला नुसते उभे ठेवले आणि स्वतः बाहेर उभे राहून तिचा आवाज ऐकत राहिले.

वाटेत त्यांनी आपल्या प्रवासाचे कारण सांगितले. मी भाडे देणारा होतो, पण त्यांना त्या दिवशी श्रीनगरला जायचेच होते. त्यांची मुलगी तिथल्या एका महाविद्यालयात शिकत होती. खिंड बंद होण्याआधी तिला घरी आणायचे, असे ठरले होते. घरी तिची आजी होती. आजीने त्या वर्षी अंथरूण धरले होते आणि ती रोज एकच प्रश्न विचारत होती. खिंड बंद झाल्यावर कारगिल-श्रीनगर अशी हवाई दलाच्या विमानाची हिवाळी सोय असते खरी, पण ती हवामानावर आणि यादीतल्या क्रमांकावर अवलंबून असते. उस्तादांचा हिशेब साधा होता. आज द्रासकडून गाड्या सोडणार, उद्या सोनमर्गकडून. परवा मोठे हिम पडण्याचा अंदाज होता. म्हणजे जाण्याला एक दिवस, येण्याला एक दिवस. तिसरा दिवस नव्हता.

द्रासला पोहोचलो तेव्हा उजाडत होते. तोलोलिंगचा डोंगर, १९९९मध्ये ज्याचे नाव घरोघर पोहोचले, तो अगदी रस्त्यालगत उभा आहे. आदल्या रात्री तिथे पातळसे हिम पडून गेले होते. चहा पिताना मी उस्तादांना त्यांच्या भाषेत हिमाला काय म्हणतात, असे विचारले. द्रासचे लोक शिना बोलतात. ‘हिन’, ते म्हणाले. मी तो शब्द पुन्हा उच्चारायला लावला. आपण मराठीत बोलताना ‘बर्फ’ म्हणतो. तो शब्द फारसीतून आला आणि आकाशातून पडणारे हिमही बर्फच, उसाच्या रसात टाकायचा खडाही बर्फच. ‘हिम’ आपण पुस्तकासाठी राखून ठेवला. इथे मात्र तोच जुना शब्द, शेवटचा वर्ण किंचित बदलून, चहाच्या टपरीवर रोजच्या वापरात होता. संस्कृतशी नाते सांगणाऱ्या दोन भाषा, एक सह्याद्रीत आणि एक झोजिलाच्या पायथ्याशी, इतक्या लांबून एकमेकींना ओळखतात, याचा मला त्या थंडीतही फार आनंद झाला. उस्तादांना त्यात विशेष काही वाटले नाही. त्यांचे लक्ष डोंगराच्या धारेकडे होते. धारेवरून हिमाची बारीक धूळ पश्चिमेकडून पूर्वेकडे उडत होती. ‘वर वारा आहे,’ एवढेच ते म्हणाले.

पांद्रास, मतायन ही गावे मागे पडली आणि मीनामर्गला अडथळा लागला. तिथे गाड्या थांबवून एकेक तपासत होते. ज्याच्याकडे साखळ्या नाहीत त्याला पुढे सोडत नव्हते. चाकावर चढवायच्या या लोखंडी साखळ्यांना चालक ‘चेन’च म्हणतात. उस्तादांनी हातमोजे काढून त्या मागच्या चाकांवर चढवल्या, कारण मोजे घालून कडी लागत नाही. गोठलेल्या लोखंडाला उघडे बोट लावणे म्हणजे काय, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचले. तीन तास थांबलो. माझ्यापुढच्या गाडीत एक कुटुंब होते. त्यांना वरचे ढग पाहून परत फिरावेसे वाटू लागले आणि ते फिरलेही. उस्तादांनी त्यांना जाताना पाहिले. मग ते गाडीपासून शंभर पावले पुढे गेले, खिंडीच्या दिशेने तोंड करून उभे राहिले आणि परत आले. निर्णय काय झाला ते मी विचारले नाही. त्यांनी आरसा पुसला, त्यावरून समजलो.

त्या तीन तासांत मला १९४८ आठवत होते. त्या वर्षी द्रास आणि कारगिल आक्रमकांच्या हाती गेले, झोजिलाही गेली आणि लेहशी जमिनीवरून असलेला संपर्क तुटला. जनरल थिमय्यांनी खिंडीवर रणगाडे नेण्याचे ठरवले. तेव्हा इथे खेचरांची वाट होती. सैन्याच्या अभियंत्यांनी ती रुंद केली. स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे, त्यांचे वरचे बुरूज काढून, कुणाला सुगावा लागू नये अशा रीतीने बालतालपर्यंत आणले. १ नोव्हेंबरला हिम पडत असतानाच ते चढले आणि खिंड ताब्यात आली. २४ नोव्हेंबरला सैन्य कारगिलला पोहोचले. युद्धकथांमध्ये या प्रसंगाचे धाडस सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. मला मात्र मीनामर्गला बसल्यावर त्यातल्या तारखा दिसू लागल्या. नोव्हेंबरची पहिली तारीख. थोडा उशीर झाला असता तर वसंतापर्यंत वाट पाहावी लागली असती. त्या सेनापतीलाही उस्तादांप्रमाणेच दिवस मोजावे लागले होते.

साडेअकराला अडथळा उघडला. गुमरीचे सपाट पठार लागले. तिथे हिम रस्त्यावर चांगले बोटभर होते, पण ते कोरडे होते आणि साखळ्या त्यात कुरकुर आवाज करत रुतत होत्या. हे हिम भिववणारे नव्हते. भिववणारा बर्फ पुढच्या उतारावर होता आणि तो डोळ्यांना दिसत नव्हता. दिवसा हिम वितळते, पाणी डांबरावर पातळ पसरते, सावलीच्या वळणावर ते पुन्हा गोठते. त्यात हवेचे बुडबुडे नसतात, म्हणून तो काचेसारखा पारदर्शक असतो आणि खालच्या डांबराचाच काळा रंग दाखवतो. पाहणाऱ्याला रस्ता ओला वाटतो. आपल्याकडे ओला रस्ता दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जातो. इथे तोच पाय घात करतो. ब्रेक जोरात दाबला की चाक फिरायचे थांबते, पण गाडी थांबत नाही, आणि न फिरणारे चाक वळवून उपयोग नसतो. आणखी एक गोष्ट उलटी आहे. कडाक्याच्या थंडीतला बर्फ त्या मानाने कमी निसरडा असतो. वितळण्याच्या बेतात असलेल्या बर्फावर पाण्याचा पापुद्रा असतो आणि तोच सर्वांत निसरडा. म्हणजे दुपारचे ऊन, ज्याची आपण वाट पाहतो, तेच वाट बिघडवते.

उस्तादांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली आणि ब्रेकवरचा पाय काढून घेतला. यंत्राच्या स्वतःच्या ओढीवर गाडी उतरू लागली, चालत्या माणसाच्या वेगाने. पुढच्या गाडीपासून त्यांनी इतके अंतर ठेवले की आपल्या घाटात त्या जागेत चार गाड्या घुसल्या असत्या. डाव्या हाताला दरी होती. खाली, फार खाली, बालतालचे मैदान दिसत होते. उन्हाळ्यात तिथे अमरनाथच्या यात्रेकरूंचे तंबू असतात, आता ते पांढरे आणि रिकामे होते. मी बोलत नव्हतो. उस्ताद मात्र बोलत होते, पण माझ्याशी नाही. ते गाडीशी शिनातून काहीतरी पुटपुटत होते, जसे आपल्याकडे गाडीवान बैलांशी बोलत.

अर्ध्या उतारावर रांग थांबली. एका वळणावर रिकामा ट्रक आडवा झाला होता. लेहला माल पोहोचवून परतणारा. भरलेल्या ट्रकपेक्षा रिकामा ट्रक इथे अधिक धोक्याचा, कारण मागच्या चाकांवर ओझे नसते आणि ती रस्त्याला धरत नाहीत. त्याचे मागचे अंग सुदैवाने डोंगराच्या बाजूला फिरले होते. उतारावर, बर्फावर, उभे राहणे हे चालण्यापेक्षा वाईट. उस्ताद उतरले, दोन्ही मागच्या चाकांखाली दगड सरकवले आणि मगच पुढे गेले. त्याच वेळी हिम पडू लागले. आधी विरळ, कापूस पिंजताना उडावे तसे, आणि मग पुढचे वळण दिसेनासे होईल इतके.

सीमा रस्ते संघटनेचे लोक आले. या संघटनेची स्थापना १९६०ची. पूर्वी ही खिंड हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद राहत असे. यांच्या कामामुळे तो काळ घटत गेला, २०२३ साली तर ती ६८ दिवसांनी, १६ मार्चला, पुन्हा खुली झाली. मजूर बहुतेक झारखंडातले होते. ते पाठीवर पोती आणून वळणावर माती आणि खडी टाकत होते आणि फावड्याने पसरत होते. आम्ही काहीजण मदतीला गेलो. यंत्र चालवणाऱ्याने ‘कुठले?’ म्हणून विचारले. पुण्याकडचा म्हणताच त्याने ‘दिघी’ असे म्हटले. या दलाचे भरतीचे आणि प्रशिक्षणाचे केंद्र पुण्याजवळ दिघीला आहे. तिथला उन्हाळा त्याला अजून आठवत होता. डोळ्यांच्या पापण्यांवर हिम घेऊन तो मला दिघीच्या मे महिन्याविषयी तक्रार करत होता. ट्रकला लोखंडी दोर लावून त्यांनी तो सरळ केला. त्याला एक तास लागला. त्या तासात उस्ताद दोनदा मागे, खिंडीकडे वळून पाहत होते. पुढचा रस्ता सुटेल याची त्यांना खात्री होती. त्यांना मोजायचे होते ते मागच्या रस्त्यावर किती साचते आहे.

खाली उतरताना प्रथम भूर्जाची झाडे लागली. पाने गळालेली, खोडे पांढरी, सालीचे पापुद्रे सुटून वाऱ्यात हलणारे. याच सालीवर काश्मीरच्या पंडितांनी शतकानुशतके पोथ्या लिहिल्या. ‘भूर्जपत्र’ हा शब्द आपण सारे वाचतो. ते झाड मी प्रथम त्या दिवशी पाहिले, तेही थांबायला वेळ नसताना. सोनमर्गला मालाने भरलेले ट्रक दुसऱ्या दिवसाची वाट पाहत रांगेने उभे होते. पीठ, गॅसच्या टाक्या, कोंबड्यांचे खुराडे, जाळीच्या पोत्यांतला कांदा. मी एका चालकाला कांदा कुठला म्हणून विचारले. मंडीतला, तो म्हणाला.

श्रीनगरला पोहोचेतो अंधार झाला होता. उस्तादांची मुलगी एका नातेवाइकाकडे राहत होती. मला मुक्कामी सोडण्याआधी ते तिथे थांबले आणि त्यांनी मलाही आत नेले. मुलगी विशीची. तिने कावा आणून ठेवला आणि वडिलांसमोर बसली. तिचे दोन पेपर राहिले होते. पहिला चार दिवसांनी, दुसरा त्यानंतर. आधी जाहीर झालेल्या तारखा पुढे गेल्या होत्या. हे तिने फोनवर सांगितले नव्हते, कारण सांगितले असते तर वडील आलेच नसते आणि तिला ते यायला हवे होते. त्या दोघांचे बोलणे शिनातून झाले, म्हणून ते मला शब्दशः सांगता येत नाही. उस्तादांनी एकच वाक्य दोनदा उच्चारले. मुलीने दोन्ही वेळा मान हलवली. मग तिने आत जाऊन एक पिशवी आणली. त्यात आजीची औषधे होती आणि तिने स्वतः विणलेले लोकरीचे पायमोजे.

सकाळी उस्ताद मला भेटायला आले. मुलीसाठी मोकळे ठेवलेले मागचे आसन आता कांद्याच्या दोन पोत्यांनी भरले होते. साखळ्या पायाशी, हाताला येतील अशा ठेवल्या होत्या. मी त्यांना पोहोचल्यावर कळवा म्हटले.

संध्याकाळी सात वाजता माझ्या फोनवर संदेश आला. रोमन लिपीतली हिंदी, चुकत माकत लिहिलेली. मुलीविषयी त्यात काही नव्हते. गुमरीला हिम गुडघाभर आहे, ट्रकवाल्या वळणावर माती अजून टिकून आहे, मीनामर्गचा अडथळा आपल्यामागे पाच गाड्या आल्यावर बंद केला, एवढेच त्यांनी कळवले होते.